टाकीला पुडी नको, वेळेवर उपसा हवा

कृषी खात्याचा माणूस सोयाबीन-हरभरा सोडून संडासाच्या टाकीवर काय लिहीत बसला, असे काहींना वाटेल. पण थोडे थांबा. उकिरड्यात आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात जे काम चालते, तेच संडासाच्या टाकीत चालते. हे काम जिवाणूंचे. ते बिघडले की पहिला फटका आपल्या विहिरीला आणि बोअरला बसतो. म्हणजे विषय शेतकऱ्याचाच आहे.

२००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले, २०१४ साली स्वच्छ भारत अभियान आले. नांदेड-लातूरकडे गावोगाव, वाड्या-तांड्यांवर संडास झाले. आयाबहिणींची मोठी सोय झाली. पण बांधणे निराळे आणि सांभाळणे निराळे. बैलजोडी घेतली की वैरणीची सोय आपण आधी बघतो. टाकीवर मात्र एकदा फरशी टाकली की दहा-पंधरा वर्षे तिकडे कोणी फिरकत नाही. वास सुटला, भांड्यात पाणी तुंबले की मग धावपळ सुरू होते. अशा वेळी कोणीतरी एक पुडी हातात देतो. "यात जिवाणू आहेत. महिन्याला एक टाका, टाकी कधीच उपसावी लागणार नाही."

हे कितपत खरे, ते आज नीट समजून घेऊ.

टाकीत काय घडते?

टाकीत मैला आणि पाणी पडले की त्याचे तीन थर होतात. जड भाग तळाला बसतो, तो गाळ. तेलकट आणि हलका भाग वर तरंगतो, ती साय. मध्ये राहते ते गढूळ पाणी. टाकीत हवा नसते. बिनहवेत जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू कुजवतात, त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड असे वायू निघतात आणि हवेच्या पाईपातून वर जातात. मधले पाणी दुसऱ्या टोकाच्या पाईपातून शोषखड्ड्यात जाते.

इथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, जिवाणू सगळेच खाऊन टाकत नाहीत. माती, वाळू, न कुजणारा चोथा तळाला राहतोच. माणशी वर्षाला साधारण ३० ते ४० लिटर गाळ साचतो. दुसरी, टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. दिसायला पातळ दिसले तरी त्यात हगवण, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात. ते पाणी उघड्या नालीत सोडणे म्हणजे मैला नालीत सोडण्यासारखेच आहे.

पुडीतले जिवाणू

आपण हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम लावतो. का लावतो? त्या पिकाला लागणारे नेमके जिवाणू रानात कमी असू शकतात म्हणून. टाकीचे तसे नाही. माणसाच्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्येच अब्जावधी जिवाणू असतात. घरात पाच माणसे असतील तर रोज सकाळी ताजे विरजण फुकटात टाकीत पडते. दह्याने भरलेल्या मडक्यात आणखी चमचाभर विरजण घातल्याने काय फरक पडणार?

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ४८ घरगुती टाक्यांवर बाजारातल्या तीन जिवाणू-पुड्यांची चाचणी झाली. आपण खत न दिलेला प्लॉट तुलनेला ठेवतो, तशा काही टाक्या पुडीविना ठेवल्या होत्या. २०११ साली निष्कर्ष छापून आले. गाळ साचण्याच्या बाबतीत एकंदरीने दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचेही म्हणणे हेच आहे की, नीट वापरातल्या घरगुती टाकीला अशा पुड्यांची गरज नाही.

उलट एक धोका आहे. काही औषधे वरची तेलकट साय विरघळवतात. ती टाकीतून जाते हे खरे, पण जाते कुठे? पाण्याबरोबर शोषखड्ड्यात. तिथे दगडांच्या फटी आणि भोवतालची माती चोंदते. टाकी उपसता येते, पण चोंदलेला शोषखड्डा नवा करावा लागतो. आणि पुडीच्या नावाखाली कॉस्टिक किंवा ॲसिड असेल तर तिला हातच लावू नका.

काही जण विचारतात, "मग रेल्वेत कसे चालते?" रेल्वेच्या डब्याखाली जैव-शौचालये बसवली आहेत आणि त्यात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेले जिवाणू वापरतात. पण तिथली टाकी लहान, माणसांची गर्दी मोठी आणि मैला पचायला वेळ फार थोडा. त्याही टाक्यांच्या पाण्यावर आयआयटी मद्रासच्या अभ्यासकांनी शंका घेतल्याच्या बातम्या २०१७ साली आल्या होत्या. घरच्या टाकीचा मामला वेगळा आहे.

वेस्ट डिकंपोजरचेही तसेच. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने काढलेली ही वस्तू काडीकचरा कुजवायला आहे. टाकीत ओतली म्हणून बिघडणार नाही, पण उपसा चुकणार नाही.

मग विरजणाला काही जागा आहे का? आहे, पण ती सुरुवातीला. सेप्टिक टाकीचे भारतीय मानक आय.एस. २४७० सांगते की, नवी टाकी वापरात आणताना ती पाण्याने भरावी आणि चालू टाकीतला थोडा कुजलेला गाळ त्यात सोडावा. तो नसेल तर कुजलेले शेण चालते. आपल्याकडे गोबरगॅस सुरू करताना जुन्या प्लँटची स्लरी टाकतात, तोच हा प्रकार. बादलीभर शेणकाल्याला पैसे पडत नाहीत. उपसा झाल्यावर तळाला थोडा गाळ राहिला तर तोच पुढचे विरजण. टाकी घासूनपुसून धुवायची गरज नाही.

जिवाणू मरतात कशाने?

पुडी विकत आणायची आणि दुसऱ्या हाताने संडासात ॲसिडची बाटली रिती करायची, असा प्रकार पुष्कळ घरांत चालतो. फिनेल, ॲसिड आणि टीसीएल पावडर जंतू मारायलाच बनवलेली असतात. ती चांगला-वाईट भेद करत नाहीत. भांडे घासायला ब्रश आणि थोडा साबण पुरे. कधीमधी झाकणभर फिनेल वापरले तर टाकी सावरते, पण रोजचा मारा नको.

फवारणीचा पंप धुतलेले पाणी, उरलेले कीटकनाशक, तणनाशक संडासात कधीही ओतू नका. जिवाणू तर मरतातच, शिवाय ते विष पाण्याबरोबर जमिनीत उतरते. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, गुटख्याच्या पुड्या, चिंध्या, राख यांतले काहीही कुजत नाही. तेच पाईपात अडकते आणि दोष टाकीला लागतो.

न्हाणीचे आणि धुण्याचे पाणीही लहान टाकीत सोडू नये. एकदम दहा बादल्या पाणी आले की तळाचा गाळ ढवळला जातो आणि न कुजलेला मैला शोषखड्ड्याकडे वाहून जातो. त्या पाण्याची सोय वेगळी करा. यासाठी लांब जायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून नाल्या बंद केल्या आणि डास हटवले. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध वरच्या अंगाला छिद्रे असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. पुढे याच कामाचा 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर बोलबाला झाला. मात्र हा खड्डा सांडपाण्यासाठी आहे. संडासाच्या टाकीचा पाईप त्यात जोडू नका. टाकीला तिचा स्वतंत्र शोषखड्डा हवा.

"आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही"

हे वाक्य गावात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. खरे तर ऐकून काळजी वाटावी असे ते आहे.

हिशोब करून बघा. मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली असलेली टाकी लागते. म्हणजे साधारण ११०० लिटर. गाळ एक-तृतीयांश झाला, म्हणजे ३७० लिटरच्या आसपास गेला, की उपसा करावा. माणशी ३५ लिटर धरले तर पाच माणसांचा वर्षाचा गाळ १७५ लिटर. झाली दोन वर्षे. म्हणूनच दोन-तीन वर्षांनी टाकी उपसा असे सांगतात. तुमची टाकी याच्या तिप्पट-चौपट असेल तर वेळ जास्त मिळेल. पण वीस वर्षे तिला काहीच झाले नाही, तर मैला गेला कुठे?

उत्तर सरळ आहे. एकतर टाकीचा तळ कच्चा आहे आणि सगळे जमिनीत मुरते आहे, नाहीतर पाईपातून मैलाच नालीत चालला आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्या ताणाने विटांच्या भिंतींना तडे जातात. खाली आपला काळा पाषाण. त्याला फटी असतात आणि त्या फटींतून पाणी लांबवर जाते. माती गाळून घेईल ही आशा पाषाणाच्या फटीत धरता येत नाही. टाकी पूर्वेला आणि बोअर पश्चिमेला असला तरी खाली दोघांची गाठ पडू शकते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याच्या एका घागरीची किंमत ज्या भागाला कळली, त्या भागाने हाताशी असलेली विहीर आपल्याच टाकीने नासवू नये.

मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब हवा. जमीन भेगाळ खडकाची असेल तर याहून लांब ठेवा आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. भारी काळ्या रानात खोल खड्ड्यापेक्षा खडी भरलेला लांब, उथळ चर बरा. चिकण माती पाणी सावकाश पिते, तिला पसरट जागा द्यावी लागते.

टाकी कशी तपासावी?

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, हे काम करा. लांब काठीच्या खालच्या टोकाला जुना पांढरा कपडा घट्ट गुंडाळून बांधा. झाकण बाजूला करून अर्धा तास टाकी मोकळी ठेवा. लेकरांना लांब ठेवा. बिडी, काडी, दिवा जवळ नको, आतला वायू पेट घेतो. मग टाकीवर न वाकता, बाजूला उभे राहून काठी तळापर्यंत सोडा, थोडे थांबा आणि सावकाश वर काढा. कपड्यावर काळा गाळ कुठवर चढला ते दिसेल. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला पोचला असेल तर उपसा करायची वेळ आली. काठी गाडून टाका किंवा जाळा, हात साबणाने धुवा.

त्याच वेळी हवेचा पाईप बघा. त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधलेली असावी. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो, आणि नांदेड, लातूर हे दोन्ही जिल्हे राज्यातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात मोडत आले आहेत. वीतभर जाळीने पुष्कळ काम होते.

माणूस उतरवू नका

मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. एकाच टाकीत पाच. अशा घटनांत बहुधा एकच क्रम असतो. पहिला उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. थोडा असला की कुजक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. "वास नाही म्हणजे धोका नाही" या समजुतीने माणसे गेली आहेत. तोंडाला रुमाल बांधून, दारू पिऊन किंवा दिवा सोडून बघून वायू टळत नाही. दिव्याने तर भडका उडू शकतो. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दल, पोलीस आणि १०८ रुग्णवाहिकेला बोलवा.

कायदाही कडक आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख केली. पण तीस लाखांनी कोणाचा बाप परत येत नाही. ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या हे काम करायला लावले, त्यांच्याच घरातली माणसे यात जातात, हे गावाने विसरू नये.

तेव्हा उपसा फक्त पंपाच्या गाडीने. गाडी ठरवताना एकच प्रश्न आवर्जून विचारा, "गाळ टाकणार कुठे?" ओढ्यात किंवा कोणाच्या बांधाला टाकणार असेल तर तो पावसाळ्यात आपल्याच तळ्यात येणार.

सोनखत म्हणून वापरावे का?

शेतकरी हे विचारणारच. टाकीतला ताजा गाळ रानात, विशेषतः भाजीपाल्याला, अजिबात टाकू नका. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि कोथिंबिरीच्या जुडीबरोबर घरी येतात.

सोनखत पाहिजे असेल, तर नवे बांधकाम करताना दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा चालू करायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की आतला मैला वाळून, कुजून भुसभुशीत आणि बिनवासाचा होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या स्वच्छता खात्याच्या सचिवांनी स्वतः अशा खड्ड्यात उतरून खत काढून दाखवले होते. ध्यानात घ्या, तो बंद ठेवलेला कोरडा खड्डा होता, सेप्टिक टाकी नव्हे. या दोन खड्ड्यांनाही विहिरीपासूनचे अंतर पाळावेच लागते.

गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनो, एकेकट्या घराला गाडी महाग पडते. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ नंतर वेगळी वाट धरली. टाकी तुंबायची वाट न बघता शहराचे भाग पाडायचे, दर तीन वर्षांनी पाळीपाळीने सगळ्या टाक्या उपसायच्या आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. पाच-सात गावांनी मिळून हेच करता येईल. गाडी एका फेरीत अनेक घरे करते, खर्च वाटला जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, २०२१ ते २०२६, ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. म्हणजे या कामाला शासनाने परके मानलेले नाही. आराखड्यात मागणी घालणे आपल्या हातात आहे.

सुरुवात म्हणून एक वही करा. घर, टाकीचे माप, तळ पक्का की कच्चा, पाईप कुठे सोडला, शेवटचा उपसा कधी, जवळची विहीर किती फुटांवर. जलसुरक्षकाकडून त्या विहिरी-बोअरचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत पाठवा. ज्या विहिरीत जंतू सापडले तिच्या आसपासची टाकी आधी बघा. नुसती टीसीएल टाकून भागत नाही.

थोडक्यात

१. जिवाणू रोज फुकट येतात. त्यांना विकत आणण्यापेक्षा मारू नका.
२. ॲसिड, फिनेलचा मारा आणि फवारणीचे पाणी टाकीत नको.
३. न्हाणीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा.
४. वर्षाला एकदा काठीने माप, गाळ तिसऱ्या हिश्शाला आला की गाडीने उपसा.
५. हवेच्या पाईपाला जाळी, विहिरीपासून किमान ६० फूट अंतर.
६. कोणत्याही कारणाने माणूस आत उतरवायचा नाही.

पुडीचे पैसे दर महिन्याला एका डब्यात टाकत जा. दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवायची वेळ येईल, तेव्हा ते तिच्या भाड्याला उपयोगी पडतील. पेरणीच्या गडबडीआधी, येत्या रविवारी, एकदा टाकीवरची फरशी बाजूला करून बघाच.